वेगाच्या काट्याखालची चिठ्ठी

व्हर्ना स्कोगनला राग यायला कारण लागत नाही, असं लोक म्हणत. ते साफ खोटं. तिला कारण लागायचं, आणि आमच्या धावपट्टीवरची माणसं तिला ते दर आठवड्याला घरपोच पुरवायची. कुणी पंखाखालच्या नळीत गांधीलमाशीचं घर तसंच ठेवून विमान घेऊन यायचा आणि म्हणायचा, "व्हर्ना, वेगाचा काटा हलत नाही, बघ ना जरा." कुणी घरातल्या शोभेच्या माशांच्या टाकीची रबरी नळी चिकटपट्टीने जोडून वर शहाणपणाने सांगायचा, "काही होत नाही, मी बघितलंय." व्हर्ना चष्मा कपाळावर चढवायची, त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि विचारायची, "तुझी बायको बसणार आहे ना यात? तिला विचारलंस का, काही होतं की नाही?"

वय बहात्तर. अंगाने काटकुळी, आवाज मात्र विमानांच्या दोन हँगर पलीकडे पोचणारा. अडतीस वर्षं तिने गावच्या डेअरीत दुधातली स्निग्धता मोजली. विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याला त्याच्या बायकोबद्दल काही बोललात तर तो एखाद वेळेस ऐकून घेईल, गाईबद्दल नाही. आपल्या गाईचं दूध म्हणजे नुसती साय, अशी प्रत्येकाची खात्री. व्हर्ना काचेची नळी उजेडाकडे धरायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि त्याच्या तोंडावर सांगायची, "साय नाही, पाणी आहे." अडतीस वर्षांत तिला नाताळला डेअरीतल्या कुणी केकचा तुकडा दिला नाही. पण तिचा आकडा चुकला असंही कुणाला कधी सिद्ध करता आलं नाही, आणि या गोष्टीचा तिला फार माज होता. मी तिची शेजारीण, मला हे सांगायचा हक्क आहे.

वीस वर्षं तिने स्वतः विमान उडवलं. मग डाव्या डोळ्याने दगा दिला, डॉक्टरने परवाना बंद केला, आणि तेव्हापासून ती जमिनीवरून बाकीच्यांवर ओरडू लागली. आमच्याकडे लोक घरच्या गॅरेजमध्ये, तळघरात विमानं बांधतात. नकाशे विकत आणायचे, पत्रा कापायचा, रिव्हेटी मारायच्या, दहा-बारा वर्षांनी विमान तयार. सगळं जमतं त्यांना. फक्त त्या विमानाचा वेगाचा काटा खरं सांगतो की खोटं, हे तपासायचा सगळ्यांना कंटाळा. ते काम व्हर्नाने अंगावर घेतलं, कारण दुसरा कुणी ते नीट करील असा तिचा विश्वासच नव्हता.

तिचं सामान म्हणजे एक फळी. फळीवर वाकवलेली पारदर्शक नळी, नळीत केकच्या रंगाने लाल केलेलं पाणी, मागे शिंप्याची पट्टी. पंखाखालच्या, पुढे तोंड असलेल्या नळीला ती रबरी नळी जोडायची आणि पिचकारीने अगदी हळू हवा दाबायची. पाणी पाच इंचाला थोडं कमी इतकं चढलं की काटा ताशी शंभर मैलांवर यायला हवा. पावणेदोन इंचांना साठवर. हा झाला पहिला भाग. दुसरा भाग हवेतला. उत्तरेला, पूर्वेला, दक्षिणेला, पश्चिमेला एकाच वेगाने उडायचं, जीपीएसवरचे चार आकडे लिहून आणायचे आणि त्यांची सरासरी काट्याशी ताडून बघायची. दोन्ही जुळलं तरच ती काट्याखाली पांढरी चिठ्ठी चिकटवायची. 'बरोबर', तारीख, आणि खाली तिची आद्याक्षरं. त्या चिठ्ठीचा आमच्याकडे असा दरारा होता की परगावचे लोक विमान विकत घ्यायला आले तर आधी चिठ्ठी बघायचे, मग इंजिन.

आता ऑरिन हॉगस्टॅड. हा तिचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा, आर्डिसचा नवरा. जन्मभर साच्यांच्या कारखान्यात लेथवर काम केलेला. हात सोन्याचे, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे. अकरा वर्षं त्याने विमान बांधलं. पहिली चार वर्षं पंख जेवणाच्या खोलीत होते. आर्डिसने चार नाताळ स्वयंपाकघरात उभ्याने जेवून काढले आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. आर्डिसचं सगळं आयुष्यच असं, दुसऱ्याच्या सामानाला जागा करून देण्यात गेलेलं. व्हर्ना तिला म्हणायची, "अगं, एकदा तरी ओरड त्याच्यावर." आर्डिस म्हणायची, "तू ओरडतेस ना दोघींच्या वाटचं, तेवढं पुरे."

ऑरिनला नकाशातली एक गोष्ट बिलकूल आवडली नव्हती. विमानाच्या शेपटीकडच्या दोन्ही अंगांना एकेक बारीक भोक असतं. पंखाखालच्या नळीत वारा आपटतो. या भोकांतून मात्र आजूबाजूची शांत हवा आत घ्यायची असते. वेगाचा काटा या दोन्हींतला फरक दाखवतो. नकाशात तिथे साधी, गोल डोक्याची रिव्हेट सांगितली होती, मधोमध भोक पाडलेली. ऑरिन म्हणाला, "एवढ्या सुंदर अंगावर ही चामखीळ? मी नाही लावणार." त्याने लेथवर दोन पितळी कड्या बनवल्या. मधे खोलगट, काठ तांदळाच्या दाण्याइतका वर आलेला, आणि पॉलिश अशी की तोंड दिसावं. बघणारा प्रत्येक जण त्या कड्यांपाशी थबकायचा. आमच्या जत्रेत त्या वर्षी सर्वांत देखण्या विमानाचं बक्षीस त्यालाच मिळणार, हे ठरल्यासारखं होतं.

मार्चमध्ये व्हर्ना त्याचा काटा तपासायला गेली. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी. आदल्या नाताळला तिचं आणि ऑरिनचं कडाक्याचं वाजलं होतं, तीन महिने बोलणं बंद. म्हणून आर्डिसने सकाळी फोन करून विनवलं होतं, "आज एक दिवस, व्हर्ना. एकच दिवस कुणाला काही बोलू नकोस. काम कर, मग आपण तिघं जेवू. मी गोमांसाचा रस्सा केलाय." व्हर्नाने फळी जोडली, पाणी चढवलं. शंभरला काटा शंभरावर, साठला साठावर. केसभर फरक नाही. मग ती विमानाभोवती एक चक्कर मारून आली, कड्यांपाशी थांबली, आणि तिच्या तोंडून चक्क निघालं, "छान केल्यास रे."

ऑरिन चाटच पडला. व्हर्नाने कशाला छान म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"आता चार दिशांना कधी उडून येतोस?" तिने विचारलं.

"या थंडीत? येईन की. पुढच्या महिन्यात. तू चिठ्ठी लाव, आर्डिस वाट बघतेय, रस्सा गार होईल."

इतर कुणी असं म्हटलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण त्या दिवशी तिने जीभ आवरली. बहिणीला शब्द दिला होता. तिने चिठ्ठी लावली, 'बरोबर' लिहिलं, तारीख टाकली, आणि तिघं जेवायला बसली. जेवण फार गोडीत झालं. पुढचा महिना आला आणि गेला. ऑरिनला ते उडणं आठवलं नाही, आणि व्हर्नानेही आठवण करून दिली नाही.

जुलैतला शनिवार. आमच्या धावपट्टीवर शनिवारी सकाळी शेडमध्ये पॅनकेक आणि सॉसेज असतं, कुणीही यावं. त्या दिवशी पन्नास-साठ माणसं होती, कारण बातमी होती. आर्डिस आज पहिल्यांदा ऑरिनच्या विमानात बसणार होती. अकरा वर्षं ती नाही म्हणत आली होती. दोघं मिनेसोटात मुलीकडे निघाली होती, दोन बॅगा, टाकी काठोकाठ भरलेली. लोकांनी विचारलं, "आर्डिस, अखेर धीर झाला म्हणायचा?" ती हसून म्हणाली, "धीर कसला? व्हर्नाची चिठ्ठी आहे आत. ती कुणाला खोटं 'बरोबर' म्हणेल का?"

व्हर्ना पलीकडच्या टेबलावर होती. तिने हे ऐकलं आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं.

ऑरिन उभा राहून बोलत होता. तो बसून बोलतच नाही. "आपला वेग किती, सांगू? एकशे त्रेचाळीस! आणि हा लेलंड, तेच नकाशे, तेच इंजिन, तोच पंखा, एकशे एकतीस. परवा आम्ही शेजारी शेजारी उडालो. पंखाला पंख लावून. याचा काटा एकशे एकतीस, माझा एकशे त्रेचाळीस."

"शेजारी उडत होता तर वेग एकच असणार की रे," कुणीतरी म्हणालं.

"हेच तर! याचा काटा मागे पडलाय. लेलंड, काटा बदल बाबा, नाहीतर गाईच्या गळ्यातली घंटा बांध, तेवढंच मनाला समाधान."

सगळे खो खो हसले. लेलंड कुबियाक हा पोस्टातून निवृत्त झालेला गरीब माणूस. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

"आणि उतरताना?" ऑरिन थांबेना. "पुस्तकात अडुसष्टने उतरा लिहिलंय, मी बरोबर अडुसष्टने येतो. पट्टीवरून बाहेर वळायच्या दुसऱ्याच रस्त्यापाशी उभा! हा लेलंड तोच अडुसष्ट धरून येतो आणि पट्टीच्या टोकापर्यंत घरंगळत जातो. हाताची कला असते ती."

व्हर्नाचा काटाचमचा हवेतच राहिला. एकाच नकाशाची दोन विमानं. एक वर वेगात जास्त, आणि खाली थांबायलाही कमी जागा घेतं. असं होत नसतं. पत्रा तोच, पंख तोच; देव काही ऑरिनसाठी वेगळी हवा पाठवत नाही. जास्त वेग दाखवतो, पण शेजाऱ्याच्या पुढे जात नाही. लवकर थांबतो, कारण मुळात हळू उतरतो. याचा काटा थापाड्या आहे. आणि काटा जमिनीवर तर तिने स्वतः तपासला होता, मग खोट आली कुठून? तिच्या डोळ्यांपुढे त्या दोन पितळी कड्या आल्या. वर आलेला काठ. काठावरून हवा जोरात उसळत जाणार आणि भोकातली हवा बाहेर ओढणार. आत शांत हवा जातच नाही, ओढलेली जाते, आणि काटा फुगतो. अडुसष्ट दाखवतो तेव्हा खरा वेग बासष्ट. ऑरिन एकटा असतो तेव्हा निभावतं. दोन माणसं, दोन बॅगा, भरलेली टाकी घेऊन ते विमान अठ्ठावन्नला हवेतून गळणार, वळताना त्याच्याही आधी. मुलीच्या गावाची पट्टी आखूड आहे, झाडांवरून तिरपं वळून उतरावं लागतं. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, आणि पहिल्या क्षणी ती आग ऑरिनवर होती.

"ऑरिन," ती उठून म्हणाली, "तू आर्डिसला घेऊन आज उडायचं नाहीस."

शेडमधला कलकलाट थांबला. ऑरिनने आर्डिसकडे बघितलं, जणू म्हणाला, झालं सुरू.

"का बरं, मालकीणबाई?"

"तुझा काटा नऊ टक्के जास्त सांगतो. तुझ्या त्या कड्या काढ. नकाशात सांगितलेली रिव्हेट लाव."

"कड्या? मार्चमध्ये छान म्हणालीस त्याच ना? आज त्यांना विष लागलं?" तो लोकांकडे वळला. "हिने लावलेली चिठ्ठी आहे माझ्याकडे, 'बरोबर' म्हणून. आता हीच म्हणते चूक. अगं, दुधाला तरी असं करत होतीस का? सकाळी साय, दुपारी पाणी?"

हसू फुटलं. डेअरीच्या काळातले दोन-तीन म्हातारे शेतकरी जरा जास्तच मोकळेपणाने हसले. त्यांचा जुना हिशेब होता.

"तू मुद्दाम वेग कमी करत विमान कुठे गळतं ते वरती तपासलंस?" व्हर्नाने विचारलं.

"एकदा."

"किती वजन घेऊन?"

"मला ते पोटात कसंतरी होतं, सोड ना."

"म्हणजे नाही तपासलंस. वहीत काय लिहिलंस? 'ठीक'?"

ऑरिनने डोक्यावरची टोपी सारखी केली. म्हणजे 'ठीक'च लिहिलं होतं.

आर्डिस हळूच तिच्याजवळ आली. तिच्या गळ्यात नवा निळा स्कार्फ होता. "व्हर्ना, लोकांसमोर नको ना गं. माझ्या लग्नात तू हेच केलंस. जेवणाच्या टेबलावर उभं राहून सांगितलंस की याला बटाटे नीट शिजवता येत नाहीत, हा संसार काय शिजवणार. चव्वेचाळीस वर्षं झाली, लोक अजून मला ते ऐकवतात. आज मी एका गोष्टीला हो म्हटलंय. तेवढं तरी नासवू नकोस."

व्हर्नाला बहिणीला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिने ओळखलं की ओरडून आता काही साधणार नाही. तिने दुसरी वाट धरली. ऑरिनला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार कष्ट पडत नाहीत.

"बरं, मी वेडी," ती म्हणाली. "निघायच्या आधी एकदा एकटा पट्टीवरून सुसाट जाऊन दाखव. एवढी माणसं तुझं विमान बघायला आलीत. दर शनिवारी करतोस, आज का नको?"

"तू? तू मला हे करायला सांगतेस?"

"एकच अट. या वाऱ्याच्या मोज्याच्या खांबाच्या थोडं वरून जा, आणि समोरून जाताना उंचीचा काटा काय म्हणतो ते रेडिओवर वाच."

"एवढंच? आत्ता जातो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेडच्या दारावर आमच्या पट्टीची समुद्रापासूनची उंची रंगवलेली आहे, आठशे नव्वद फूट. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा ज्या खांबावर लटकतो तो तीस फूट. विमान त्याच्या जरासं वरून गेलं, तर काट्याने नऊशे तीसच्या आसपास म्हणायला हवं. वेगाचा आणि उंचीचा, दोन्ही काटे शांत हवा घेतात त्याच दोन भोकांतून. एक खोटं बोलत असेल तर दुसऱ्यालाही खरं बोलता येत नाही. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण माहीत असणं वेगळं आणि पॅनकेक खाताना आठवणं वेगळं.

ऑरिन आला. खरंच देखणं विमान, मलई रंगाचं, पितळ उन्हात चमकत होतं. खांबाच्या वर दहा फुटांवरून तो सणसणत गेला आणि शेडमधल्या रेडिओवर त्याचा खुशीतला आवाज आला, "एक हजार चाळीस!"

लेलंड कुबियाकने कॉफीचा पेला खाली ठेवला. मागच्या रांगेतले दोघे-तिघे दारावरच्या आकड्याकडे बघू लागले. बाकीच्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"एकशेदहा फूट जास्त," लेलंड पुटपुटला. "व्हर्ना, माझा काटा बरोबर आहे गं."

"तुझा मीच तपासला होता, दोन्ही वेळा. खाली आणि वर," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज मधेच अडखळला. ऑरिनचा तिने एकदाच तपासला होता.

ऑरिन उतरला, इंजिन बंद केलं, डोक्यावरचं काचेचं छत सरकवलं. लेलंडने जाऊन त्याला आकडा सांगितला. त्याच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली.

"मग उंचीचा काटा गेलाय बिघडून. मी आल्यावर बदलतो. वाटेत जीपीएसवर उंची दिसते मला."

"दोन्ही काट्यांना हवा एकच जाते, ऑरिन," लेलंड म्हणाला.

"वेगाचा काटा बरोबर आहे! लिहिलंय इथे. सहीनिशी." त्याने काट्याखालच्या चिठ्ठीवर बोट आपटलं. "दुपारी ढग येणार आहेत. आर्डिस, चल बस. आपल्याला उशीर होतोय."

मला अजून संताप येतो तो इथे. साठ माणसं उभी होती. निम्म्यांना कळलं होतं. पण ऑरिन सगळ्यांचा आवडता, त्याचं विमान सुंदर, आणि व्हर्ना सगळ्यांची नावडती. कुणी बुटाकडे बघत होता, कुणी सॉसेज संपवत होता. मी काय केलं? मी कागदाच्या बश्या गोळा केल्या. आर्डिस पंखावर चढली, आत बसली, स्कार्फ नीट केला आणि पट्टा आवळला. ऑरिन तिला पट्ट्याचं बक्कल दाखवत होता.

व्हर्ना विमानाकडे चालत गेली. आमच्याकडे दुसऱ्याच्या विमानाला हात लावायचा नसतो. बघायचं असेल तर हात पाठीमागे बांधून बघायचं, पोरंसुद्धा हे शिकतात. बहात्तर वर्षांची ती बाई गुडघा टेकवून पंखावर चढली, तिच्या बुटाने मलई रंगावर ओरखडा उठला, आणि कुणीतरी "अरे देवा!" म्हणून ओरडलं. ती आत वाकली आणि वेगाच्या काट्याखालची चिठ्ठी नखाने खरवडू लागली.

"ए! काय करतेस? हात काढ!" ऑरिनने तिचं मनगट धरलं.

"सोड! चिठ्ठी माझी आहे. विमान तुझं असेल, हा कागद माझा आहे!"

अर्धी चिठ्ठी निघाली, अर्धी चिकटून राहिली. व्हर्ना धापा टाकत होती. तिला वाटलं होतं की चिठ्ठी काढली की झालं. पण आर्डिस तशीच बसली होती, समोर बघत, ओठ घट्ट मिटून. चिठ्ठी फाडणं म्हणजे पुन्हा व्हर्नाचाच तमाशा. आर्डिसने असले तमाशे जन्मभर पाहिले होते. एक अजून.

मग व्हर्ना जे बोलली ते तिच्या त्या दोन हँगर पलीकडे जाणाऱ्या आवाजात नव्हतं. मी पंखाशी उभी होते म्हणून मला ऐकू आलं.

"आर्डिस, मी ही चिठ्ठी खोटी लावली."

आर्डिसने मान वळवली.

"मी याला वर उडायला लावलं नाही. नेहमी लावते, याला लावलं नाही. मला कड्यांचा काठ दिसला होता. दिसला आणि मी छान म्हणाले. मला तुझ्या टेबलावर एक दिवस नीट जेवायचं होतं गं. भांडण नको होतं. म्हणून मी न तपासता 'बरोबर' लिहिलं." तिची हनुवटी थरथरत होती, आणि तिला त्याचाही राग आलेला दिसत होता. "याचा मूर्खपणा याच्यापाशी. पण तू याच्या कड्यांवर विश्वास ठेवून नाही बसलीस. माझ्या अक्षरावर ठेवून बसलीस. माझं चुकलं. ऐकतेस ना? माझं चुकलं."

"हे बघ आता नवीन नाटक," ऑरिन म्हणाला. "आर्डिस, छत लावतोय, डोकं सांभाळ."

आर्डिसने पट्टा सोडला. बक्कल उघडल्याचा खट् असा आवाज झाला.

"काय करतेस?"

"उतरते."

"हिचं ऐकून? अगं, ही बाई रोज कुणाला ना कुणाला मरणार म्हणून सांगते!"

"हो. मरणार म्हणून रोज सांगते," आर्डिस म्हणाली. "चुकलं म्हणून सहासष्ट वर्षांत आज म्हणाली." ती पंखावर आली. "माझी बॅग काढ, ऑरिन. आणि तुझ्या त्या दागिन्यांना हात लावायचा नसेल तर तू जा एकटा. मुलीला मी फोन करून सांगते, बाबा येतायत, आई बसने येतेय."

चव्वेचाळीस वर्षांत आर्डिसने ऑरिनला एवढं लांब वाक्य ऐकवलं नव्हतं. मग तो चिडला, बॅगा मागून ओढून खाली टाकल्या, विमानाच्या चाकाला लाथ मारली आणि रंगावरच्या ओरखड्याकडे बघून शिवी हासडली. पण इंजिन चालू करायला त्याचा हात काही गेला नाही. थोड्या वेळाने लेलंड जवळ आला आणि म्हणाला, "माझ्याकडे गोल डोक्याच्या रिव्हेटी आहेत, जादा." ऑरिन वाकून एका पितळी कडीच्या काठावरून अंगठा फिरवत होता. लेलंड त्या आणायला गेला.

पंखावरून उतरताना व्हर्नाचा गुडघा लचकला. तिला हात द्यायला दोघे पुढे झाले, तिने दोघांनाही झिडकारलं. खाली आर्डिस बॅग घेऊन उभी होती. दोघी बहिणी समोरासमोर. मला वाटलं आता गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही. आर्डिसचा चेहरा रागाने लाल झाला होता, व्हर्नाचा व्हायचा तसाच, आणि मला पहिल्यांदा त्या दोघी एका आईच्या वाटल्या.

"मार्चमध्ये मी तुला गप्प बस म्हणाले होते," आर्डिस म्हणाली.

"म्हणाली होतीस."

"आणि तू बसलीस! जन्मात एकदा माझं ऐकलंस, ते हे?" तिने बॅग व्हर्नाच्या हातात कोंबली. "परत कधी मी तुला गप्प बस म्हटलं, तर माझ्या तोंडावर ओरड. समजलं?"